दुधाच्या वहीची मागची पानं

"मॅडम, सगळे म्हणतात डायरी लिही. पण लिहू काय? सकाळी चहा, दुपारी पोळ्या, संध्याकाळी पुन्हा पोळ्या. उद्याचं पान आजच भरून ठेवलं तरी काही चुकायचं नाही."

मी नाशिकमध्ये समुपदेशनाचं काम करते. हा प्रश्न मला बऱ्याच जणींनी विचारलाय. शब्द वेगळे असतात, पण घरात दिवसभर राबून रात्री "आज मी काय केलं?" याचं उत्तर सापडत नाही, ही खंत तीच असते. कौतुक बाहेरून येत नाही आणि आतून काढावं तर आतही काही शिल्लक नाही. त्यातल्या एका बाईंची गोष्ट त्यांच्या परवानगीनं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नाव घालत नाही, नुसतं ताई म्हणते. आमच्याकडे समोरच्या बाईला तसंही ताईच म्हणतात.

ताई जुलैच्या शेवटी आल्या. गंगापूर रोडच्या माझ्या दोन खोल्यांच्या जागेत बाहेरच्या खोलीत छत्री निथळत ठेवली आणि खुर्चीच्या कडेवर बसल्या, जणू आत्ता कोणी हाक मारली तर उठता यावं म्हणून. वय 47. घर सिडकोत, यजमान अंबडच्या कारखान्यात तीन पाळ्यांमध्ये, मुलगा पुण्यात नोकरीला. सासूबाई आठ महिन्यांपूर्वी मोरीत घसरल्या होत्या. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ते नीटही झालं, पण पुन्हा पडू ही धास्ती बसली. तेव्हापासून वॉकर, आणि वॉकरच्या मागे सूनबाई.

"परवा दूध उतू गेलं," त्या म्हणाल्या. "मी ओट्याला टेकून खाली बसले आणि अर्धा तास रडले. दुधासाठी कोण रडतं, मॅडम?"

आधी जे विचारायलाच हवं ते विचारलं. झोप, भूक, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस काहीच करावंसं वाटलं नाही, मरणाचे विचार येतात का. शेवटच्या प्रश्नाला त्या दचकल्या, पण उत्तर स्पष्ट दिलं: नाही. मग रक्त तपासून यायला सांगितलं. हिमोग्लोबिन 9.2 निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जो फरक पडला त्याचं सगळं श्रेय वहीला देता येत नाही. अंगात रक्त नसेल तर कितीही लिहा, जिना चढताना धाप लागणारच.

लिखाणाचा एक प्रयत्न त्यांनी आधीच करून पाहिला होता. बहिणीनं सुचवलं होतं की रोज रात्री झोपण्याआधी कृतज्ञता वाटावी अशा पाच गोष्टी लिही. ती वही त्यांनी सोबत आणली होती. पहिल्या दिवशी: घर आहे. नवरा निर्व्यसनी आहे. मुलाला चांगली नोकरी आहे. आई बऱ्या होताहेत. दोन वेळचं जेवण आहे. दुसऱ्या दिवशी हेच पाच, क्रम बदलून. अकराव्या दिवशी पानावर फक्त दोन शब्द: "घर आहे."

"एवढं सगळं असून मला रडू येतं," त्या म्हणाल्या, "म्हणजे मीच कृतघ्न ना?"

म्हणजे ज्या यादीनं उभारी यायची, तिचंच आरोपपत्र झालं होतं. पद्धत वाईट आहे असं मी म्हणत नाही. एमन्स आणि मॅक्युलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये यावर काम प्रसिद्ध केलं, त्यातल्या एका प्रयोगात लोक आठवड्यातून एकदाच अशा नोंदी करत होते, आणि त्याचा उपयोग दिसला. आपल्याकडे येईपर्यंत त्याचं "रोज पाच" होतं. त्यात "सुखी आहेस, रडतेस कशाला" हे तर लहानपणापासून ऐकलेलं. थकलेल्या बाईला कृतज्ञतेची रोजची हजेरी लावणं मला तरी पटत नाही.

इथवर मी शहाणी होते. यानंतर चूक माझी.

मी त्यांना दुसरी पद्धत दिली. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी 1986 मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे. सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं, मनाला लागलेल्या घटनेबद्दल न थांबता लिहायचं. घटना आणि भावना असं दोन्ही लिहिणारी मुलं लिहून उठली तेव्हा जास्तच खिन्न होती, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतर असे पुष्कळ अभ्यास झाले. 2006 मध्ये जोआन फ्रॅटारोली यांनी 146 अभ्यास एकत्र तपासले, तर परिणाम खरा पण लहान निघाला. हे सगळं मला माहीत होतं. ताईंना मात्र मी एवढंच म्हणाले, "मनात येईल ते सगळं लिहा, मोकळं वाटेल."

पंधरा दिवसांनी त्या आल्या त्या अधिकच खचून. नवी जाड वही, 23 पानं भरलेली. चार दिवसांनी थांबायचं हे मी सांगितलंच नव्हतं. लिहून झाल्यावर पुन्हा वाचत बसायचं नाही, हेही नाही. त्या रोज रात्री अकरानंतर आधीचं सगळं वाचायच्या आणि मग पुढे लिहायच्या. "माझी कोणाला किंमत नाही" हे वाक्य वेगवेगळ्या रूपांत मी अकरा वेळा मोजलं. गाय रवंथ करते ती पचवण्यासाठी. माणसाच्या रवंथात पचत काहीच नाही, तोच घास पुन्हा तोंडात येतो.

दुसरी एक गोष्ट मी विचारायला हवी होती ती विचारलीच नव्हती. ही वही ठेवता कुठे?

"तांदळाच्या डब्यात."

सतरा वर्षांच्या असताना त्यांच्या भावानं त्यांची डायरी शोधून काढली होती आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जमलेल्या सगळ्या भावंडांसमोर मोठ्यानं वाचली होती. हसले सगळे. आईसुद्धा. त्या दिवसानंतर तीस वर्षं, बहिणीनं सुचवलेली ती वही सोडली तर, त्यांनी किराणा यादीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. आणि मी त्यांना खुशाल एक जाड वही भरायला लावली होती! रोज भात लावताना त्यांच्या पोटात गोळा यायचा. सासूबाई कधी स्वयंपाकघरात आल्या तर? मुलगा सुट्टीला आला आणि त्यानं डबा उघडला तर?

मी त्यांची माफी मागितली. त्या संकोचल्या. "अहो मॅडम, तुम्ही कशाला!" पण मागायलाच हवी होती.

"मग या पानांचं काय करू? गंगेत सोडू?" आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.

"गंगेला आधीच आपण काय कमी सोडतो का?" मी म्हणाले. त्या पहिल्यांदा हसल्या.

तिथेच बसून त्यांनी पानं फाडायला घेतली. फाडण्याआधी मी एकदा वरवर नजर टाकू का, असं विचारलं. सतराव्या पानावर माझं बोट थांबलं. "आज आईंचे केस धुतले. गुंता सुटायला अर्धा तास लागला." 23 पानांत काय घडलं ते सांगणारी ही एकच ओळ होती, बाकी सगळं कसं वाटलं याबद्दल. ती वाचून दाखवली, तेव्हा ताई गप्प झाल्या. मग त्यांनी तेवढीच पट्टी फाडून पर्समध्ये ठेवली आणि बाकीचे तुकडे माझ्या केराच्या टोपलीत.

त्या पट्टीनं मला पुढची वाट दाखवली, हे मान्य करायला हरकत नाही. घरकामाचा स्वभावच असा की ते स्वतःचा माग पुसत जातं. पोळ्या खाल्ल्या जातात, घासलेली भांडी पुन्हा खरकटी होतात, पुसलेल्या फरशीवर चपला उमटतात. संध्याकाळी दाखवायला हातात काही उरत नाही. 2019 मध्ये केंद्र सरकारनं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. पहाटे 4 पासून दुसऱ्या दिवशी पहाटे 4 पर्यंतचे 24 तास, अर्ध्या-अर्ध्या तासाचे कप्पे पाडून, कोणी काय केलं ते विचारून लिहून घेतलं. घरच्यांसाठी बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी 299 मिनिटं निघाले, पुरुषांचे 97. यात आजाऱ्याची, मुलांची शुश्रूषा धरलेली नाही, ती वेगळी. मी हे ताईंना सांगितलं, तर त्यांचं लक्ष आकड्यांकडे नव्हतंच. "म्हणजे सरकारनंसुद्धा आधी लिहून काढलं, तेव्हा कळलं?"

हो. तसंच.

उदास माणसाच्या उपचारात दिवसाची अशी नोंद ठेवायची रीत जुनीच आहे. ॲरन बेक यांच्या पद्धतीत प्रत्येक कामापुढे दोन गोष्टी मांडतात: ते किती जमलं आणि त्यात किती बरं वाटलं. आम्ही तीच सोपी केली. दिवसाला तीन ओळी, त्याहून जास्त नाही. मनात काय आलं ते नको, हातून काय झालं ते. आणि "नेहमीप्रमाणे" हा शब्द वापरायला बंदी. या शेवटच्या नियमावर त्या अडल्या. "पण नेहमीप्रमाणेच असतं हो सगळं!" मी म्हणाले, काल आणि आज मेथी निवडलीत त्यात फरक काय, एवढंच लिहा.

मनातलं दाटलेलं काढायचं असेल तर ते सुट्या कागदावर, 15 मिनिटं, आणि लगेच फाडायचं. फाडायचं लिखाण वेगळं, ठेवायचं वेगळं.

वही कुठली, हा प्रश्न त्यांनीच सोडवला. फ्रिजवर दुधाच्या हिशेबाची वही असते, दोऱ्यानं बांधलेल्या पेनासकट. पुढून दूध, मागून ताई. "ती वही माझ्याशिवाय कोणी उघडत नाही," त्या म्हणाल्या. "आणि दूधवाल्याचा हिशेब करायची तर कोणाला हौसही नाही." सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेली वही ही सगळ्यांत सुरक्षित जागा ठरली. वर एक फायदा मला सुचलाच नव्हता. न लिहिलेल्या दिवशी त्या तारखेसमोर "खाडा" लिहायच्या. दुधाचा खाडा पडला म्हणून कोणी दूध बंद करत नाही, दुसऱ्या दिवशी दूधवाला येतोच. डायरीत एक दिवस चुकला की "आपल्याच्यानं काही होत नाही" म्हणून ती कायमची सोडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. खाडा या शब्दानं तो फास सैल केला.

त्यांनी वाचून दाखवलेल्या काही नोंदी:

"मेथीला माती फार. चार पाण्यांनी धुतली."

"आईंना गॅलरीपर्यंत नेलं. 14 पावलं. काल 11."

"यांची रात्रपाळी होती. दुपारी कुकर लावला नाही, भात पातेल्यात केला. शिट्टीनं झोपमोड नको."

या तिसऱ्या नोंदीवर त्या वाचता वाचता अडखळल्या. रात्रपाळीच्या आठवड्यात गेली वीस वर्षं त्या दुपारचा भात पातेल्यातच करत आल्या आहेत. यजमानांना ते माहीत नाही. झोपलेल्या माणसाला न वाजलेली शिट्टी कशी ऐकू येणार?

"मलासुद्धा माहीत नव्हतं, मॅडम," त्या म्हणाल्या. "म्हणजे करत होते, पण माहीत नव्हतं."

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं तोंड बंद ठेवावं, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली.

मनाची पातळी मोजण्याची गंमत अजून सांगायची राहिली. मी आपलं ठरलेलं विचारलं, शून्य ते दहा यांत आज कुठे? त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "आकड्यांचं मला कळत नाही. गंगापूर धरणातनं पाणी सोडलं की आपण काय विचारतो? दुतोंड्या मारुतीला कुठपर्यंत लागलं?" नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: गोदाघाटावर मारुतीची एक उंच, दोन तोंडांची मूर्ती आहे आणि पूर किती आला ते गावातली माणसं तिच्या अंगावरून सांगतात. तेव्हापासून समासात रोज एक शब्द आला. घोटा. गुडघा. कंबर. छाती. एकदाच "गळा" होतं, त्या दिवशी त्यांनी मला फोन केला होता. माझ्या सगळ्या छापील प्रश्नावल्यांपेक्षा हे माप मला जास्त कळतं, आणि आता मी ते इतरांनाही सुचवते.

सहा आठवड्यांनी आम्ही समास वरपासून खालपर्यंत पाहिला. काम जास्त असलेल्या दिवशी पाणी चढत असेल असा माझा अंदाज होता. तो चुकला. पाहुणे होते, वीस माणसांचा स्वयंपाक होता, तरी गुडघाच. छाती लागली होती ती सलग तीन-चार दिवस उंबरा न ओलांडल्यावर. आणि लाइटबिल भरायला अर्धा तास चालून आल्या, त्या दिवशी कंबरेवरून घोट्यावर. लग्नानंतर त्यांनी बुधवारचा बाजार कधी चुकवला नव्हता. गोदाघाटावर जायचं, भाजी घ्यायची, रामकुंडाशी पाच मिनिटं टेकायचं आणि परत. सासूबाई पडल्या तेव्हा ते सुटलं आणि सुटलंय हे कोणाच्या, त्यांच्याही, लक्षात आलं नव्हतं.

त्यांनी घरी विषय काढला, तर यजमान म्हणाले, "भाजी काय कोपऱ्यावर मिळत नाही का?" माणूस वाईट नाही. भाजीचा प्रश्न भाजीनंच सुटतो असं वाटणारा आहे. ताईंनी भांडण केलं नाही, रडल्या नाहीत. फ्रिजवरची वही काढली आणि तीन आठवडे वाचून दाखवले, कुकरच्या शिट्टीसकट. ते ऐकून उठून बाहेर गेले. काही बोलले नाहीत. पुढच्या बुधवारी त्यांची रात्रपाळी होती. दुपारी अडीचला ते उठले, आईंच्या खोलीत खुर्ची टाकून बसले, आणि दाराच्या कडीला कापडी पिशवी अडकवलेली होती.

लगेच कोणी वही घेऊन बसायच्या आधी दोन गोष्टी. नवरा फोन तपासतो, कपाटं उचकतो, हात उगारतो, अशा घरात मी लिहायला सांगत नाही. तिथे कागद सापडणं धोक्याचं ठरू शकतं. आणि झोप-भूक उडालेली, दोन आठवडे कशातच मन नाही, जगण्याचा कंटाळा आलाय, अशी अवस्था असेल तर तीन ओळींनी भागत नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला हवं. तेवढं लगेच शक्य नसेल तर टेलीमानसचा 14416 हा सरकारी, मोफत नंबर रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येतं. शिवाय सगळ्यांना हे जमतंच असंही नाही. नोकरीतून निवृत्त झालेल्या एका काकांनी याच पद्धतीनं घरातल्या प्रत्येकाच्या चुकांची तारीखवार नोंदवही तयार केली. ती बंद करायला मला तीन बैठका लागल्या.

मध्येच कधीतरी मी ताईंना लक्ष्मीबाई टिळकांचं सांगितलं होतं. इथल्याच, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. शाळेचं शिक्षण नाही, अक्षरओळख लग्नानंतरची, आणि घरातलं घरच्या बोलीत लिहून ठेवलं ते मराठी माणूस आजही वाचतो. मला वाटलं, हे ऐकून त्यांना हुरूप येईल. त्या म्हणाल्या, "त्यांच्या घरात निदान काहीतरी घडत तरी होतं!" मोठ्यांची उदाहरणं देण्याची खोड मी तेव्हापासून आवरते.

जानेवारीत त्या शेवटच्या ठरलेल्या बैठकीला आल्या. लोहाच्या गोळ्या चालूच होत्या. बुधवार बहुतेक पाळले जात होते, मात्र सकाळपाळीच्या आठवड्यात शेजारच्या काकूंना सासूबाईंजवळ बसवावं लागे. वहीत खाडेच खाडे, महिन्यात जेमतेम नऊ नोंदी. त्यांना वाटलं मी रागावेन. पाणी गुडघ्याच्या वर जात नाहीये ना, मी विचारलं. नाही म्हणाल्या. मग खाडे चालतील.

जाता जाता पर्स उघडून त्यांनी ती जुनी पट्टी दाखवली. ऑगस्टपासून ती दुधाच्या वहीत घालून ठेवलेली होती. गेल्या आठवड्यात सासूबाई टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या, दुधाचे पैसे द्यायचे म्हणून वही तिथेच पडलेली. त्यांनी दूधवाल्याचे दिवस मोजायला ती उघडली आणि पट्टी खाली पडली. सासूबाईंनी चष्मा चढवला.

"माझ्या हातापायातलं बळच गेलं, मॅडम. म्हटलं, झालं. वाचतात आता."

"मग?"

"वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, अर्धा तास नव्हे गं, चांगला पाऊण तास झाला होता. माझी मान अवघडली होती त्या दिवशी, पण तुझा हात थांबेना."

ताईंनी पट्टी माझ्यापुढे धरली. "अर्धा"वर निळ्या पेनाची रेघ होती, आणि वर बारीक अक्षरात "पाऊण".